दाजीपूर ते चांदोली, चौकी-चौकीनं

पहिला दिवस : कोल्हापूर

कोल्हापुरातून पश्चिमेला कुठल्याही रस्त्यानं निघा, दीड-दोन तासांत जंगल लागतं. राधानगरी, गगनबावडा, आंबा, आणि वारणा ओलांडली की चांदोली. या जंगलात फिरायला जाणारे पुष्कळ आहेत. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वेगळं काम घेऊन निघालो. जंगल सांभाळणाऱ्या माणसांना भेटायचं, ती रोज काय नोंदवतात, ते नोंदवायला कुठं शिकली आणि त्यांनी लिहिलेलं पुढं कुठं जातं हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, सोबत माझा पशुवैद्य मित्र. लागणाऱ्या परवानग्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

सुरुवात गावातच केली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरात आहे हे कित्येक कोल्हापूरकरांना माहीत नसतं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली हा प्रकल्प झाला. गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा धरून क्षेत्र 1165 चौरस किलोमीटर. त्यातलं चांदोली 317.67 चौरस किलोमीटरचं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेलं. पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना युनेस्कोनं 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातली चार महाराष्ट्रात आहेत. कास आणि कोयना वगळता उरलेली दोन, म्हणजे राधानगरी आणि चांदोली, आमच्या वाटेवर होती.

दुपारी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात गेलो. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सड्यांवरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारांवरच्या, आणि कड्यांवरच्या प्रदेशनिष्ठ, दुसरीकडं कुठं न सापडणाऱ्या वनस्पती इथं आणून जोपासल्या आहेत. कंदीलपुष्पाचे वेल मार्चमध्ये कुंडीतल्या मातीखाली कंद होऊन झोपलेले असतात, वर फक्त नावाची पाटी. पावसाळ्यात याच कुंड्यांमधून कंदिलासारखी फुलं वर येतील. एवढं ज्ञान जंगलापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. पण ते इंग्रजी शोधनिबंधात आहे, आणि ज्याच्या बीटात, म्हणजे सांभाळायला दिलेल्या रानाच्या तुकड्यात, ती वनस्पती उगवते तो वनरक्षक दहावी-बारावी मराठीतून शिकलेला असतो. पुढचे दिवस हेच अंतर डोळ्यांपुढं राहिलं.

दुसरा दिवस : राधानगरी, दाजीपूर

फुलेवाडी नाका सोडला की भोगावतीच्या काठानं ऊस, गुऱ्हाळं, दूध संस्थांच्या पाट्या. राधानगरी धरणापाशी थांबल्याशिवाय पुढं जाववत नाही. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या धरणाचं काम काढलं. खालच्या शेताला पाणी हवं तर वरचं रान टिकलं पाहिजे, हे नातं या खोऱ्यात उघड्या डोळ्यांना दिसतं. दाजीपूरचं जंगल संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं होतं. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि 1985 मध्ये वाढवून 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य करण्यात आलं.

दाजीपूरच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा अंजनी फुलली होती. अंजनीचं फूल फांदीच्या टोकाला येत नाही, खोडाला आणि जुन्या फांद्यांनाच निळ्या-जांभळ्या गुच्छांनी लगडतं. जवळ गेलं की मधमाश्यांचा आवाज आधी येतो, मग एकेक फूल वेगळं दिसायला लागतं: मिरीएवढी कळी, चार पाकळ्या, आत निळे पुंकेसर. आमच्यासोबतच्या वनमजूर मामांनी सांगितलं, "औंदा आठ-धा दिस आदीच फुललीया." मी विचारलं, हे कुठं लिहून ठेवलंय का? ते म्हणाले, "लिवायचं काय त्यात, रोज बघतोय की."

मला तिथंच थांबावंसं वाटलं. पंचवीस-तीस वर्षं त्याच रानात पायी हिंडलेल्या माणसाला फुलोरा कधी येतो, कोणतं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, रानकुत्री कुठल्या सरीनं उतरतात, हे सगळं पाठ असतं. हवामान बदलतंय असं आपण शहरात बसून म्हणतो. त्याची मोजदाद करायची तर अशीच नोंद लागते, एकाच झाडाची, एकाच माणसानं, वर्षानुवर्षं केलेली. तिला खर्च नाही. एक वही, झाडाला एक क्रमांक आणि दर सोमवारी त्या झाडापाशी जाणं, इतकंच. मामा निवृत्त झाले की त्यांच्यासोबत हे ज्ञान जाणार, आणि त्यांच्या जागी येणारा मुलगा कदाचित जालन्याकडचा नाहीतर बीडकडचा असेल. त्याला अंजनी ओळखण्यापासून सुरुवात करावी लागेल.

वनरक्षकाची भरती कशी होते ते इथं सांगायला हवं. लेखी परीक्षा, धावणं, आणि मग चालणं: पुरुषांना चार तासांत 25 किलोमीटर, महिलांना 16 किलोमीटर. अंगात रग आहे याची परीक्षा होते आणि ती व्हायलाच हवी. त्यानंतर शहापूर, जालना, पाल, चिखलदरा इथल्या प्रशिक्षण शाळांत कायदा, गुन्ह्याचा पंचनामा, रोपवाटिका, सीमांचे खांब असं शिक्षण मिळतं. ते पायाभूत आहे. पण सह्याद्रीच्या निमसदाहरित रानात काम करायला जे लागतं ते इथल्या झाडाखाली, इथल्याच जाणत्या माणसाकडून शिकण्याजोगं आहे. मामांसारख्यांना वर्षातले काही दिवस प्रशिक्षक म्हणून मान आणि मानधन दिलं तर किती फरक पडेल! वनखात्यात कागदावर वनमजूर सगळ्यांत खाली असतो, रानाच्या ज्ञानात तो बहुतेकांच्या वर असतो.

संध्याकाळी बुद्ध पौर्णिमेच्या गणनेचा विषय निघाला. पाणवठ्यापाशी मचाणावर रात्रभर बसून आलेले प्राणी मोजायचे, ही पद्धत आपल्याकडं जुनी आणि लोकप्रिय आहे. तिच्यामुळं शेकडो शहरी माणसं एक रात्र रानात काढतात आणि बदलून परत येतात, म्हणून ती चालू राहावी असंच मला वाटतं. पण त्या आकड्यांवरून गवे वाढले की घटले हे ठरवू नये. तोच गवा दोन पाणवठ्यांवर मोजला जातो. वळीव झाला की प्राणी पाणवठ्यावर फिरकतच नाहीत आणि आकडा कोसळतो. वर्तमानपत्रात मात्र "गव्यांची संख्या घटली" असा मथळा येतो. मग मोजायचं कसं, ते दुसऱ्या दिवशी पहाटे बघायचं होतं.

रात्री चौकीत नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि कांदा.

तिसरा दिवस : पहाटेची रेषा, मग आंबा

सहाच्या आधी निघालो. दोन किलोमीटरची सरळ रेषा आधीच आखलेली होती. पुढं एक तरुण वनरक्षक बाई, हातात होकायंत्र आणि गळ्यात अंतर मोजायचं यंत्र, रेंजफाइंडर, मागं मामा, त्यांच्यामागं आम्ही. तिनं सुरुवातीलाच बजावलं, "सर, पाचोळा वाजू द्यायचा न्हाई. चवडा आधी टेकवा, टाच मागनं. आणि बोलायचं काय असंल तर शेवटाला."

अर्ध्या वाटेवर उजव्या अंगाला काळं काहीतरी हललं. ती जागच्या जागी थबकली. आधी मोजलं, मग यंत्र डोळ्याला लावलं, मग होकायंत्र. वहीत लिहिलं: वेळ 6.48, गवा, एकूण 4, मादी 3, वासरू 1, अंतर 62 मीटर, दिशा 240. सगळं मिनिटाच्या आत. गवे निघून गेल्यावरही ती तिथंच उभी राहिली आणि ते ज्या जागी पहिल्यांदा दिसले ती जागा पुन्हा ताडून घेतली. प्राणी आपल्याला बघून हलल्यावरचं अंतर लिहिलं तर पुढचं सगळं गणित चुकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या अंतरातच पद्धतीचं मर्म आहे. नुसते दिसलेले प्राणी मोजले तर मोकळ्या सड्यावर आकडा फुगतो आणि दाट रानात तो आक्रसतो. किती अंतरावरचे प्राणी दिसले हे नोंदवलं की अंतर वाढेल तसं दिसणं किती कमी होतं ते कळतं, आणि त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. देशभरातली व्याघ्रगणना 2006 पासून दर चार वर्षांनी होते. तिच्यात हीच रेषा प्रत्येक बीटात चालली जाते, मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा वेगळ्या शोधल्या जातात, झाडोरा आणि लेंड्यांची नोंद होते, आणि मग वाघ असेल तिथं कॅमेरे लागतात. एका जागी दोन कॅमेरे समोरासमोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3682 वाघांचा अंदाज निघाला. त्या आकड्याच्या तळाशी अशा हजारो पहाटा आहेत.

रेषा संपल्यावर खडकावर बसून तिला विचारलं, यातून पुढं काय निघतं ते कधी बघायला मिळतं का? ती म्हणाली, "आम्ही ॲपवर भरतो, ते वर जातंय. सगळ्या बीटांचं जोडून काय चित्र येतंय ते बघायची मला लई हौस हाय सर. मी गेली की दुसरी येणार ह्या लाईनवर, तिला काय सांगू मी?"

या प्रवासात एकच प्रश्न मनात धरून ठेवायचा असेल तर हाच. गस्तीसाठी 2010 पासून एम-स्ट्राइप्स नावाची प्रणाली आहे. वनरक्षक चालला की त्याची वाट, थांबे, खुणांचे फोटो अक्षांश-रेखांशासकट साठत जातात. यंत्रणा चांगली आहे. ज्यानं माहिती गोळा केली त्याला तिचं फळ त्याच्या भाषेत, त्याच्या बीटापुरतं दिसलं तर पुढची नोंद तो दुप्पट मनानं करेल. कोणत्या ओढ्यात गेल्या वर्षी गस्त पोचलीच नाही, भेकराच्या खुणा कुठं कमी झाल्या, हे चौकीच्या भिंतीवर नकाशात लागलं तर तिथल्या तिथं गस्तीची वाट बदलता येते. शून्याची नोंदसुद्धा मग कामाला येते. मासिक अहवालात "निरंक" लिहिलं जातं. किती किलोमीटर चालून काही आढळलं नाही, हे सोबत लिहिलं तरच त्या शून्याला वजन येतं.

राधानगरीहून आंब्याला जंगलातून गाडीरस्ता नाही. खाली उतरायचं, उसातून वळसा घालायचा, मलकापूरहून पुन्हा चढायचं. वाघाला मात्र वळसा पडत नाही. 2022 मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला एक नर डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीत दिसला, पट्ट्यांवरून तोच असल्याचं सिद्ध झालं. तो गगनबावडा, पन्हाळा, विशाळगड अशा डोंगररांगेच्या कडेकडेनं गेला असणार, म्हणजे राष्ट्रीय उद्यान नसलेल्या, खाजगी मालकीच्या, धनगरवाड्यांच्या, काजूच्या बागांच्या मुलखातून. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली ती याच जोडणीसाठी. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पण राखीव क्षेत्राला बीट असतं, बीटाला माणूस लागतो, आणि त्या माणसाला गावाशी बोलता यावं लागतं. डिसेंबर 2021 मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले, बघ्यांनी गर्दी केली आणि एका तरुणाचा जीव गेला. गवा बिथरला असता जमाव कसा आवरायचा हेही शिकण्याचं आणि शिकवण्याचं काम आहे. माझा मित्र म्हणतो, बेशुद्धीच्या बंदुकीआधी दोरखंड आणि भोंगा लागतो. गवा दमला, घाबरला असताना औषधाचा डोस दिला तर तो दगावू शकतो. बरेचदा वाट मोकळी करून अंधार पडेपर्यंत थांबणं हाच उपाय असतो.

आंब्याला रात्री समोरच्या डोंगरावर वणव्याची माळ दिसत होती. आमच्या ओळखीच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश आला होता. उपग्रहाला उष्णतेचा ठिपका दिसतो, साधारण 375 मीटरच्या चौकोनात, आणि तो ठिपका संदेश होऊन बीटावर येतो. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. आधी कळतं ते धनगरवाड्यावरच्या माणसाला. त्याच्याकडं वनरक्षकाचा नंबर असणं आणि त्यानं हाक मारल्यावर कुणीतरी येतं असा त्याचा अनुभव असणं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. त्या रात्री वाड्यावरची पोरं झाडाच्या ओल्या डहाळ्या घेऊन वर गेली होती आणि दोनच्या सुमाराला माळ विझली.

चौथा दिवस : चांदोली

मलकापूर, कोकरूड, आरळा, मणदूर. वारणेचा जलाशय डाव्या हाताला ठेवत आत शिरलो.

चांदोलीच्या आत मोकळी गवताळ रानं आहेत. ती निसर्गानं तशी दिलेली नाहीत. तिथं गावं होती, भाताची खाचरं होती. धरण आणि अभयारण्य झाल्यावर गावं उठली, माणसं सांगली-कोल्हापूरच्या वसाहतींत गेली. त्यातल्या कित्येकांचा जमिनीसाठी, सोयींसाठी लढा वर्षानुवर्षं चालला. आज त्या खाचरांवर गवे आणि सांबर चरतात. हे बोलताना मला दरवेळी जड जातं, आणि म्हणूनच ही कुरणं नीट राखणं ही आपल्यावरची जबाबदारी आहे असं वाटतं. ज्यांनी घर सोडलं त्यांच्या शेतात रानमोडी माजू देणं बरं नव्हे.

आणि रानमोडी माजते आहे. पांढरट-जांभळी फुलं हिवाळ्यात येतात, मग वाऱ्यावर म्हातारीसारखं बी उडतं. फुलोऱ्यानंतर कापली तर कापणाराच बी पसरवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला माती भिजल्यावर मुळासकट उपटायची, आणि तीन-चार वर्षं त्याच तुकड्यात परत यायचं, तेव्हा कुठं गवत तग धरतं. इथल्या एका वनपालांनी मला तुकडे दाखवले. एकात दोन वर्षं उपटलेली, दुसऱ्यात नुसती कापलेली. फरक दहा पावलांवरून कळत होता: पहिल्यात डोंगरी गवताची थोंबं, गव्याच्या शेणाचे पो, सांबराच्या लेंड्या, दुसऱ्यात कमरेएवढं वाळकं रान. मी त्यांना विचारलं, तिसरा तुकडा, ज्याला हातच लावला नाही, तो राखलाय का? ते थोडं थांबले आणि म्हणाले, "तो ठेवला तर काम अपुरं राहिलं असं तपासणीत दिसतंय."

हीच अडचण जागोजागी आहे. हात न लावलेला तुकडा शेजारी असल्याखेरीज उपाय लागू पडला की पाऊस चांगला झाला, हे सांगता येत नाही. प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात असा तुलनेचा तुकडा अधिकृतपणे धरावा, त्याला खांब आणि पाटी असावी, म्हणजे तपासणाऱ्यालाही तो राहून गेलेला वाटणार नाही. विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं वर्षातून दोनदा येऊन तिथं चौकट टाकून गवताच्या जाती मोजाव्यात. एम.एस्सी.चा प्रकल्प होतो आणि उद्यानाला पुढच्या दहा वर्षांचं उत्तर मिळतं. माझ्या वर्गातून हे काम सुरू करायचं मी त्यांना तिथंच कबूल केलं.

कुरणाचा थेट संबंध वाघाशी आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली, आधी कुंपणातल्या जागेत ठेवली आणि मग मोकळी सोडली. एकूण आठ वाघ, तीन नर आणि पाच माद्या, आणायला केंद्राची मंजुरी आहे. सोडलेल्या वाघिणीच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे ती कुठं आहे ते कळवणारा पट्टा. कॉलर आहे म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वाघीण तास न् तास एका जागी थांबली की कुणालातरी पायी जाऊन बघावं लागतं, ती शिकारीवर आहे की आजारी आहे. ते जाणं दमछाकीचं, जोखमीचं आणि फार नाजूक असतं. फार जवळ गेलं तर ती शिकार सोडून जाते. अँटेनाचा टिकटिक आवाज कोणत्या कड्यावरून परतून येतोय आणि कोणता खरा आहे, हे कानाला उमगायला कित्येक दिवस लागतात. ताडोब्याच्या सपाट सागवानात शिकलेलं इथल्या दऱ्यांमध्ये जसंच्या तसं चालत नाही.

तिला खायला हवं म्हणून चितळही बाहेरून आणले गेले आहेत. चितळ भलतंच भित्रं. पकडताना त्याचे स्नायू ताणानं निकामी होतात आणि ते दोन-चार दिवसांनीही मरतं. म्हणून बोमा वापरतात: कापडाच्या भिंतींची, निमुळती होत जाणारी वाट, टोकाला थेट गाडी, औषध नाही, दोरी नाही, माणसाचा हात नाही. माझा मित्र हे समजावून सांगत होता आणि चौकीतली पोरं जमिनीवर काडीनं रेघा मारत प्रश्न विचारत होती: वाऱ्याची दिशा कुठली ठेवायची, गाडीचा फाळका कुणी पाडायचा. तासाभराचा तो वर्ग मी पाहिलेल्या कित्येक कार्यशाळांपेक्षा जिवंत होता.

मलाही एक काम मिळालं. एका वनरक्षकानं कागदात बांधून रानकुत्र्यांची वाळलेली विष्ठा जपून ठेवली होती, तारीख आणि जागा लिहून. विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की आतल्या रचनेवरून भक्ष्य कोणतं ते ओळखता येतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी बघून सांगावं.

पाचवा दिवस : कुंडल आणि परत

पेठ नाक्याहून ताकारी, कुंडल. प्रतिसरकारच्या काळात जी. डी. बापू लाड यांच्या या गावानं इंग्रजांना जेरीस आणलं होतं. आज इथं वनखात्याची प्रबोधिनी आहे, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक इथं घडतात. आम्ही आवाराबाहेरच एका प्रशिक्षणार्थीशी चहावर बोललो. विषय निघाला व्यवस्थापनाच्या मूल्यमापनाचा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था मिळून ते दर चार वर्षांनी करतात. एकेका निकषाला 2.5, 5, 7.5 किंवा 10 गुण. पैसा वेळेवर आला का, माणसं पुरेशी आहेत का, प्रशिक्षित आहेत का, संशोधनाचा निर्णयांत वापर होतो का, असे प्रश्न. प्रश्न नेमके आहेत. मी त्याला सुचवलं, तू अधिकारी झालास की ते निकष मराठीत करून आधी बीटावर वाच, आणि गुण त्यांनाच द्यायला सांग. त्यानं लगेच वही काढली.

जवळच सागरेश्वर. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर उभं राहिलेलं जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तिथून चितळ चांदोलीला गेले. उन्हामुळं फार फिरता आलं नाही.

कोल्हापुरात परतल्यावर दुसऱ्याच दिवशी केस तपासायला घेतले. पहिल्या पुडीत सांबर निघालं, दुसरीत पिसोरी आणि सोबत उंदराचे केस. निकाल मराठीत एका पानावर लिहिला, जागेचा छोटा नकाशा काढला आणि रीतसर कार्यालयामार्फत त्या चौकीला पाठवला. चार दिवसांनी फोन आला. पान भिंतीला लावलं होतं, आणि आणखी सात पुड्या बांधून तयार होत्या.